किलोभर जुनी दादर

सोमवार, भाद्रपद. वेळ सकाळी साडेनऊ. हजर: डॉक्टर मॅडम, आहारतज्ज्ञ, मुख्य परिचारिका आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

माझ्या बैठकीच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे, आणि ती चुकीची आहे. खोलीत पाचवं माणूस होतं. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, हातातल्या बादलीवर ओलं फडकं टाकून अक्का उभ्या होत्या आणि आमच्या चौघींच्या पायांकडे बघत होत्या.

पाय बघणं ही अक्कांची रीत. "पहिले पाय दखा, मंग तोंड," असं त्या मला बजावायच्या. दवाखान्यात येताना माणूस तोंड सावरून आणतो, पाय सावरायचं कोणाला सुचत नाही. वॉर्डात नवीन कोणी आलं की अक्का पुसता पुसता त्याच्या पायांपाशी रेंगाळायच्या आणि जाता जाता माझ्या टेबलाशी दोन वाक्यं टाकून जायच्या. एका बाईच्या पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला होत्या. "अंधारमा निंघेल शे. घरमा सांगेल नई." मी नंतर तासभर मुलाखत घेऊन तेवढंच काढलं. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी माझ्या पायांत कोऱ्या सँडल होत्या आणि टाचेला कापूस होता. अक्कांनी तो पाहिला आणि शेजारच्या मावशींना माझ्या देखत सांगितलं, "ताई नव्या शेतस. आठ दिन लंगडतीन, मंग चालतीन."

आठ दिवस नाही, आठ वर्षं लागली असावीत.

मी जळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात समाजसेविका आहे. औषध डॉक्टर देतात, ते औषध घरी का घेतलं जात नाही हे शोधणं माझं काम. त्यासाठी माझ्याकडे चार पानी अर्ज आहे, वही आहे, रोजच्या कामांची यादी आहे. झालेल्या कामावर मी बरोबरची खूण करते, राहिलेलं दुसऱ्या दिवशीच्या यादीत वर चढवते. यात काही गैर आहे असं मला आजही वाटत नाही. अक्का माझ्या अर्जाला "ताईनं पुरान" म्हणायच्या, आणि यादीबद्दल तर त्यांचं ठाम मत होतं. "यादी करा, यादी. यमनी वही बी शेवट तुमनाच कडे देतीन."

त्या आमच्याकडे कक्षसेविका होत्या. झाडणं-पुसणं, चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला एक्स-रेला नेणं. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव होतं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या नावाने त्यांना फक्त हजेरीपटच ओळखायचा. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यातलं, सासर भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहान दवाखान्यात गेलेली. शिक्षण चौथी. भुसावळहून सकाळच्या गाडीने यायच्या आणि डब्यातल्या चारजणींच्या घरची खबर घेऊनच स्टेशनवर उतरायच्या.

मी स्वतः धुळ्याची. वडील शिक्षक. आमच्या घरी अहिराणी बोलायला बंदी होती, "शुद्ध बोल" म्हणून पाठीत धपाटा मिळायचा. त्यामुळे मला अहिराणी सगळी समजते, पण तोंडातून निघत नाही. तरी मी इथलीच, तेव्हा इथली माणसं मला कळतात, अशी माझी पक्की समजूत होती. बाहेरून आलेला अधिकारी निदान विचारतो तरी. आपण इथलेच, म्हणून आपण विचारत नाही. हे तुमच्याही पाहण्यात आलं असेल.

अक्कांची दुसरी रीत म्हणजे समोरच्याला कामाला लावणं. वॉर्डात गॉजच्या घड्या घालायचं काम कायम असतं. कापड कापायचं, चौकोनी घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, मग ते निर्जंतुक करायला जातात. अक्का ती टोपली घेऊन नातेवाइकाशेजारी जमिनीवर बसायच्या आणि अर्धं कापड त्याच्या मांडीवर ठेवायच्या. "हात चालना का तोंड चालस," हे त्यांचं शास्त्र.

एकदा रावेरकडचे एक केळीवाले आबा आले. पांढरंशुभ्र धोतर, बोटात अंगठी, चोवीस वर्षांचा मुलगा मानसोपचार विभागात दाखल. मी तीन वेळा मुलाखत घेतली. तिन्ही वेळा उत्तर एकच: "तसं काही नाही मॅडम, जागरण झालं त्याला." चौथ्या दिवशी पाहते तर आबा व्हरांड्यात मांडी घालून गॉजच्या घड्या घालत होते, आणि अक्का त्यांची घडी मोडून पुन्हा देत होत्या.

"आबा, कोपरा दखा, कोपरा. केळी कशी लावतस तुम्ही? आशीच वाकडी?"

"माझी बाग येऊन बघ अक्का. दोरी लावल्यासारखी सरळ आहे."

"मंग हाई बी सरळ करा. पोऱ्या जास का बागमा?"

आबांनी घडी घातली. दुसरी घातली. मग मान वर न करता म्हणाले, "जातो ना. तीन वर्षं झाली, रोज जातो. एकटाच बोलत बसतो तिथे. आम्ही गावात सांगतो, राखणीला बसतो म्हणून. मागून धाकटीचं लग्न करायचं आहे."

मी खांबाआड उभी राहून लिहायला लागले होते. अक्कांनी माझ्या हातातल्या पेनाकडे फक्त पाहिलं. मी पेन बंद केलं आणि जाऊन बसले. त्या दिवशी मी सत्तावीस घड्या घातल्या, आणि मुलाची तीन वर्षांची हकिगत मला पूर्ण मिळाली. तेव्हापासून माझ्या खोलीत गॉजची एक टोपली कायम असते.

अक्का देवमाणूस होत्या असा समज करून घेऊ नका. त्या मिसरी लावायच्या आणि "दात दुखस" म्हणून डॉक्टरांना सांगायच्या. मुख्य परिचारिकेशी चादरींवरून त्यांचं पंधरा वर्षं भांडण चाललं. दारू पिऊन आलेल्या माणसाशी तर त्या बोलायच्याच नाहीत. तो पेशंटचा बाप असो की भाऊ, बादली आपटत निघून जायच्या. यामागे घरचं कारण होतं, सगळ्यांना माहीत होतं, कोणी काढत नसे. एकदा तोंडाला वास येणारा एक बाप बाहेर रडत बसला होता आणि अक्का त्याला ओलांडून गेल्या. मी म्हटलं, "अक्का, याचे पाय पाहिले का? उलट्या चपला आहेत. पोराला उचलून पळत आला असेल." त्या थांबल्या. माझ्याकडे रागाने पाहिलं. मग पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापासून दोन हातांवर ठेवला आणि म्हणाल्या, "पी. पानी." त्यांच्याकडून एवढंच होणार होतं, तेवढं त्यांनी केलं.

आता त्या सोमवारकडे येते.

आमच्याकडे कुपोषित बाळांचा एक कक्ष आहे. बाळ आईसकट चौदा दिवस ठेवतात. आधी औषधी दूध, मग हळूहळू वरचं अन्न. रोज वजन. त्या वर्षी मी कक्षामागच्या पडीक जागेत परसबाग केली होती. ती माझी योजना, माझी यादी: माती, बियाणं, पाइप, माळी, पाणी घालायच्या पाळ्या. सगळ्यांवर बरोबरची खूण. भाद्रपदात बाग अशी फुलली की बघत राहावं. मक्याची कणसं, काकड्या, गिलकी, चवळीच्या शेंगा. पहिली तोडणी झाली तेव्हा मी फोटो काढला, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी त्याच दिवसापासून ताजी भाजी बाळांच्या खिचडीत आणि आयांच्या ताटात सुरू केली.

चोपड्याच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावरून एक पावरा आदिवासी बाई आली होती. तिला इथे रेमली म्हणते, नाव बदललं आहे. वय वीसच्या आत-बाहेर. दीड वर्षाची मुलगी, हातापायांच्या काड्या. पहिले पाच दिवस मुलगी दूध प्यायली, डोळे उघडून बघायला लागली. सहाव्या दिवसापासून रेमलीने वाटीवर हात ठेवला.

शब्दशः सांगते. खिचडीची वाटी आली की ती तिच्यावर तळहात पालथा ठेवायची. दुधाच्या वाटीवरही. स्वतःचं ताट भिंतीकडे सरकवायची. गाडीवरचा चहा आणि पुड्यातली बिस्किटं तेवढी खायची, मुलीला अंगावर पाजायची. काही विचारलं की खाली बघायची. मग एकच वाक्य: "घरी जाते."

मी समुपदेशन केलं. आमच्या भाषेत समुपदेशन म्हणजे त्या दिवशी काय होतं, ते प्रामाणिकपणे सांगते. मी तिला तक्ता दाखवला, वजनाची घसरलेली रेघ दाखवली, मुलगी दगावेल असं सांगितलं. हळू सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं. मी कागदावर लिहिलं: "आई सहकार्य करत नाही."

सोमवारच्या बैठकीत डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आज नाकातून नळी घालावी लागेल. आणि ही बाई रात्रीतून मुलीला घेऊन निघून गेली तर जबाबदारी कोणाची?"

जबाबदारीचं उत्तर माझ्या फाइलमध्ये तयार होतं. बालकल्याण समितीला पत्र. आईकडून बालकाच्या जिवाची हेळसांड होत आहे, बालकाचा ताबा तूर्त अन्यत्र देण्याचा विचार व्हावा. मी आदल्या दिवशी घरी बसून ते लिहिलं होतं. भाषा नेटकी होती. फक्त सही राहिली होती. मी ते वाचून दाखवलं.

"ते पत्र आज नका धाडू," दारातून आवाज आला.

आम्ही चौघींनी वळून पाहिलं. मुख्य परिचारिका म्हणाल्या, "अक्का, तुमची बादली आणि तुम्ही, बाहेर."

"जास. पन पोरनी माय शे ती, दुश्मन नई शे. बठ्ठं लिखं तुम्ही. तिले इचारं का?"

"काय विचारायचं राहिलं?" मी म्हटलं. मला राग आला होता. चार पानं भरली होती मी.

"ते मले बी म्हाईत नई. मले एक दिन द्या."

डॉक्टर मॅडमनी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळपर्यंत. पाचला मी नळी घालणार."

अक्कांनी गॉजची टोपली उचलली आणि रेमलीशेजारी जाऊन जमिनीवर बसल्या. मी दोन खाटांपलीकडे एका बाळाचा तक्ता भरत होते, म्हणजे भरण्याचं सोंग करत होते. बराच वेळ दोघी नुसत्या घड्या घालत राहिल्या. अक्कांना चोपड्याकडे शिकलेली मोडकीतोडकी पावरी येत होती, तिच्यात अहिराणी आणि हिंदी मिसळून त्या बोलायच्या. आधी शेजारच्या खाटेवरच्या बाईला नाव ठेवून झालं. मग पाड्यावरचा रस्ता झाला का, म्हशी किती, सासरा कसा. रेमली एकदा हसली. इतक्या दिवसांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

मग अक्कांनी खिडकीतून परसबागेकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. रेमलीचे हात थांबले. तिने मान हलवली. नाही. आणि मग ती बोलायला लागली. भराभर, खालच्या आवाजात. मधेच मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत, मधेच स्वयंपाकघराच्या दिशेने हात करत. मला त्यातला एक शब्द कळला नाही.

दुपारी अक्का माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

"तिना घरमा अजून नवाई व्हयेल नई," त्या म्हणाल्या.

नवाई मला माहीत होती. पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली होती. शेतात नवं आलेलं धान्य, भाजी, कणीस घरचा मोठा माणूस आधी देवाला आणि पूर्वजांना देतो. तोवर घरातलं कोणी ते तोंडाला लावत नाही. रेमलीच्या पाड्यावर नवाई आठ-दहा दिवसांवर होती. आणि आम्ही तिच्या पुढ्यात मक्याचं पहिलं कणीस ठेवलं होतं, तेही कुस्करून तिच्या लेकीसाठी. तिने पाहिलं होतं की भाजीतली पळी खिचडीत जाते, खिचडीतली दुधात. मग तिच्या लेखी सगळंच बाटलं.

"तिनं पहिलं पोरगं गेलं," अक्का म्हणाल्या. "तवय पाड्यावर लोके बोलनात, तूच नवाई ना आगोदर काही खादं व्हई. आते हाई पोरले ती वाचाडी ऱ्हायनी. आपलापासून."

ती लेकीला वाचवत होती. माझ्या फाइलमध्ये पत्र होतं: आईकडून हेळसांड.

"पण अक्का, जिवापुढे असल्या गोष्टी..." मी कसंबसं म्हटलं. "तुम्ही तरी हे मानता का?"

अक्कांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरं काही नाही. गंडेदोरे, अंगारे असलं काही वॉर्डात दिसलं तर त्या सरळ कचऱ्यात टाकायच्या. "मी नई मानत," त्या म्हणाल्या. "पन तिले काय त्यानं?" मग दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "ताई, आखाजीना आगोदर तुम्ही आंबा खातस का?"

खानदेशातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी घागर भरून पितरांना आमरस-पुरणपोळी दाखवायची, तोवर आंबा तोंडाला लावायचा नाही. बाजार चैत्रातच आंब्यांनी भरतो. मी एमएसडब्ल्यू आहे, अंधश्रद्धेवर शाळांत व्याख्यानं देते, आणि आई गेल्यापासून एकाही वर्षी मी आखाजीच्या आधी आंबा खाल्लेला नाही. कोणी माझ्या तोंडाशी आणला असता तर मीही वाटीवर हात ठेवला असता. त्या हाताला कोणी असहकार म्हटलं असतं, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

मी उठले आणि यादी केली. मला तेवढंच येतं, आणि तेव्हा तेच हवं होतं. जुना तांदूळ, जुनी मूगडाळ, अंडं, गूळ. वेगळं पातेलं. नवी पळी. बागेतलं काही नाही. आहारतज्ज्ञ बाई आधी फुरंगटल्या, मग त्यांनीच डोकं चालवलं. त्या रेमलीला हाताला धरून कोठीत घेऊन गेल्या आणि तांदळाच्या गोणीचं तोंड तिच्यापुढे उघडलं. रेमलीने मूठभर दाणे काढले, नाकाशी नेले, एक दाताखाली फोडला. मागच्या सालचा. डाळीचंही तसंच. मग पळीला अक्कांनी आपल्या पदराची लाल चिंधी फाडून बांधली, म्हणजे दुसऱ्या कोणी चुकून ती भाजीत घालू नये.

साडेचार वाजता रेमलीने मुलीच्या तोंडात पहिला घास घातला. पाच वाजता डॉक्टर मॅडम नळी घेऊन आल्या, दारातूनच पाहिलं आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का भुसावळहून घरची दादर घेऊन आल्या. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, भाकरी पांढरी आणि गोड. मागच्या सालची, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. स्वयंपाकघरात त्यांनी स्वतः भाकरी थापल्या आणि रेमलीसमोर बसून दोघींनी खाल्ल्या. मुलीचं वजन घसरायचं तिसऱ्या दिवशी थांबलं, चौथ्या दिवशी ते चढलं, आणि मॅडमनी मुक्काम आठवडाभर वाढवला. ते पत्र मी फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहिलं आणि खणात ठेवलं. ते तिथेच आहे. अधूनमधून हाताला लागतं, लागावं.

सुटीच्या आदल्या दिवशी रेमलीचा सासरा आला. नवाई करून, तडक. कमरेला धोतर, डोक्याला फेटा, काखेत फडक्यात बांधलेली कणसं. तो सगळ्यांना "तू" म्हणत होता. डॉक्टर मॅडमनाही. नवीन आलेल्या परिचारिकेने भुवया चढवल्या तेव्हा अक्का तिला म्हणाल्या, "विठ्ठलले काय म्हनस तू? आहो विठ्ठलराव?"

म्हाताऱ्याने कणसाचे दाणे सोलले, चावून मऊ केले आणि नातीच्या ओठांना लावले. मग एक कणीस अक्कांपुढे धरलं. "तू आमचं जुनं सांभाळलं," तो म्हणाला. "पुढच्या सालच्या नवाईला तू पाड्यावर यायचं. तू आली की मग आम्ही खाणार."

"येसू, येसू," अक्का म्हणाल्या. "गुडघास्नी परवानगी दिधी तं."

त्यानंतर मी आमच्या अर्जात एक प्रश्न वाढवला: घरी सध्या काय खायचं, करायचं चालत नाही? वरिष्ठांनी मान्य केला, छापला. मी खूश होते. अक्कांनी छापील कागद उलटसुलट पाहिला. "झायं. आते बठ्ठा फारमलेच इचारतीन." आणि तसंच झालं. दर वर्षी शिकाऊ मुली येतात, तो प्रश्न कागदात बघून वाचतात, "काही नाही" असं उत्तर लिहितात आणि पुढच्या रकान्याकडे जातात. मग मी त्यांना पेन बंद करायला सांगते आणि गॉजची टोपली देते.

पुढच्या नवाईला अक्कांच्या गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी यजमान वारले. मग निवृत्ती आली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी साड्या, घड्याळं दिली आणि अक्कांनी मला एक कापडी पिशवी दिली. किलोभर दादर. "नवं खावाले जावानं तं जुनं लई जावानं," त्या म्हणाल्या. "यंदा आपन दोन्ही जाऊत. तुम्हीन सुटीनी यादी करा." मी केली. रजा टाकली, गाडी ठरवली. भाद्रपद यायच्या आधी, आषाढात, भुसावळहून त्यांच्या सुनेचा फोन आला.

मी गेले तेव्हा क्वार्टरच्या दारात चपलांचा ढीग होता. मी बाहेरच थांबले आणि बघत राहिले. रेल्वेचे बूट, रावेरकडच्या कोण्या शेतकऱ्याच्या करकरीत वहाणा, बुरख्यातल्या दोन बायकांच्या प्लास्टिकच्या सपाता, मुख्य परिचारिकेच्या पांढऱ्या सँडल. आत कोण कोण बसलं आहे ते मला दारातच कळलं. हजेरी घ्यायची गरज पडली नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. दर भाद्रपदात रेमलीच्या सासऱ्याचा फोन येतो. मुलगी आश्रमशाळेत जाते, डोंगर चढताना आजोबाच्या पुढे पळते. बोलणं संपताना तो विचारतो, "अक्का कधी येते? तिचा वाटा काढून ठेवतो आम्ही." ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, समोर बसून सांगायची, असं मी ठरवलं आहे. म्हणून मी म्हणते, "येतो आम्ही." त्यातला "आम्ही" माझ्या जिभेवरून अजून गेलेला नाही.

परवा पुन्हा फोन आला. आजच्या यादीत सहा कामं होती. पाच झाली. सहावं आहे: पाड्यावर जाणे, अक्कांचं सांगणे. ते दोन वर्षं रोज वर चढतं आहे. पिशवी माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, दादरीला कीड लागलेली नाही. संध्याकाळी निघताना मी तिच्यातला कडुलिंबाचा वाळलेला पाला काढून ताजा घातला, तोंड बांधलं आणि परत फळीवर ठेवली.